हिशोब कुठंय?

वाचकांचे प्रश्न. या वेळी उत्तरं देत आहेत पाथर्डी तालुक्यातले एक चित्रपटकार. लग्नांची शूटिंग करता करता ते माहितीपटाकडे वळले. ऊसतोड मजुरांच्या गोष्टी त्यांनी आजवर फिल्म, फोटो, रेडिओ आणि आता फोनवरच्या आवाजातून सांगितल्या आहेत. नाव छापायचं नाही, ही त्यांची अट. ‘माझं नाव कळलं की गाव कळतं, गाव कळलं की ऊसतोडीची टोळी कळते,’ असं त्यांचं म्हणणं.

प्रश्न : मी गेवराई तालुक्यातला. बीए झालोय. ऊसतोडीवर डॉक्युमेंटरी करायची आहे. पन्नास हजार साठवलेत. कोणता कॅमेरा घेऊ?

घेऊ नकोस. तुझ्या खिशातल्या फोनचं चित्र माझ्या २००१ सालच्या कॅमेऱ्यापेक्षा चांगलं येतं, आणि त्या कॅमेऱ्यात मी दोन लग्नसराईंची कमाई घातली होती. पैसे आवाजावर घाल. कॉलरला लावायचा एक बरा माइक, कान पूर्ण झाकणारा हेडफोन, आणि वाऱ्यासाठी माइकवर घालायची फरची टोपी. उसाच्या फडात सगळ्यात मोठा आवाज उसाच्या पाल्याचा, म्हणजे पाचटाचा असतो. वाळलेलं पाचट पायाखाली असं वाजतं की दोन हातांवरचं बोलणं ऐकू येत नाही. पहिल्या वर्षी मी हेडफोन न लावता पंधरा दिवस शूट केलं. घरी येऊन टेप लावली तर पंधरा दिवसांचं पाचट. पुढच्या वर्षी बायकोच्या जुन्या स्वेटरची बाही कापून माइकला चढवली आणि माणसांना बांधावर बसवून बोलतं केलं.

उरलेले पैसे एसटीला ठेव. आणि दसऱ्याची वाट बघत बसू नकोस. भांडी, कोंबड्या, पोरंबाळं घेऊन ट्रक निघतो ते दृश्य सगळ्यांनी घेतलंय, मीही घेतलंय. ऊसतोड त्याच्या कितीतरी आधी, पावसाळ्यात सुरू होते. मजूर ठरवणारा मुकादम येतो, उचल म्हणजे आगाऊ पैसे देतो. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटा गडी म्हणजे अर्धा कोयता. कोयता हे आमच्याकडे माणसं मोजायचं माप आहे. आकडा ज्या ओट्यावर ठरतो तिथं जाऊन बस. कॅमेरा काढू नकोस, नुसता बस. बाई आत असते, चहा बाहेर येतो, आकडा तिला मागाहून कळतो, आणि तो फेडायला निम्मं अंग तिचं लागतं. हे दोन-चार ओट्यांवर बघून ये, मग काय शूट करायचं ते मला विचारावं लागणार नाही.

प्रश्न : तुम्ही लग्नाचे व्हिडिओ केले, फिल्म केली, प्रदर्शन केलं, रेडिओ केला. एकाच माध्यमाला धरून राहिला असतात तर नाव मोठं झालं नसतं का? (नाशिक)

‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ असं सरळ लिहिलं असतंत तरी चाललं असतं. घरी रोज ऐकतो.

नाव झालं असतं, हे खरं. माझी पहिली फिल्म ५२ मिनिटांची होती. दोन महोत्सवांत दाखवली गेली, कौतुक झालं, एका इंग्रजी पेपरात दोन कॉलम आले. मग ती ज्यांची होती त्यांना दाखवायला म्हणून मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका कारखान्याच्या डोकी सेंटरवर, म्हणजे मोळ्या डोक्यावर वाहणाऱ्या मजुरांच्या तळावर गेलो. कोप्यांच्या, म्हणजे मजुरांच्या झोपड्यांच्या मधे मोकळी जागा होती. ट्रॉलीच्या फाळक्याला पांढरी चादर बांधली. जनरेटर ओळखीच्या मंडपवाल्याचा. रात्रीचे आठ वाजलेले, भाकरी होऊन गेलेल्या, साठ-सत्तर माणसं जमली, पुढे पोरं. वीस मिनिटांत निम्म्या बायका झोपल्या. बसल्या जागी, एकीची मान दुसरीच्या खांद्यावर. पहाटे चारला उठून फडात जाणारी बाई ५२ मिनिटं जागी राहील असं मला वाटलंच कसं? माझी आई त्याच फडात राबलेली. मला तरी कळायला हवं होतं.

जे जागे होते त्यांनी माझा लाडका शॉट हसण्यावारी घालवला. संध्याकाळचं ऊन, एक बाई डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढतेय, मागे लालभडक आभाळ. महोत्सवात या शॉटला सभागृह गप्प झालं होतं. इथं कुणीतरी ओरडलं, ‘अगं, तुझी चप्पल बघ!’ आणि सगळी टोळी हसायला लागली. खरंच, तिच्या डाव्या चपलेचा अंगठा तुटलेला होता आणि तो तिने सुतळीने बांधला होता. एडिटिंगच्या वेळी तो शॉट मी शंभर वेळा तरी पाहिला असेल. मला आभाळच दिसत होतं.

फिल्म संपल्यावर एक मावशी म्हणाल्या, ‘समदं दाखवलंस बाबा. हिशोब कुठंय?’

तो माझ्याकडे नव्हता. उचल किती, तोड किती टन, खाडे म्हणजे बुडालेले दिवस किती पडले, वाढं म्हणजे उसाचे हिरवे शेंडे विकून काय आलं, दवाखान्यासाठी मधेच मुकादमाकडून किती घेतले, आणि शेवटी ‘बाकी’ किती राहिली, जी पुढच्या सीझनला न विचारता उचल होऊन बसते. हे सगळं मुकादमाच्या डायरीत असतं आणि मजुराच्या डोक्यात. कॅमेऱ्याला घाम दिसतो, मोळी दिसते, बाकी दिसत नाही. घाम बघून शहरातला माणूस हळहळतो. फडातल्या माणसाला स्वतःचा घाम बघण्यात काय रस? त्याला बाकी बघायची असते.

म्हणून पुढच्या वर्षी मी फिल्म केलीच नाही. एका जोडप्याला विचारून त्यांच्या एका सीझनचा हिशोब दहा मोठ्या फ्लेक्सवर छापला. डावीकडे फोटो, उजवीकडे आकडा. खाडा पडला त्या दिवशी काय झालं होतं त्याचा फोटो : एकदा तिला ताप, एकदा पोराला विंचू चावलेला. पोळ्याच्या आधी, उचल सुटायच्या दिवसांत, गावातल्या देवळाच्या ओवरीत ते फ्लेक्स टांगले. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना शाळेतली पोरं वाचून दाखवत होती. माणसं आपल्या हिशोबाशी ताडून बघत होती, एकमेकांशी भांडत होती. तिसऱ्या दिवशी एक मुकादम आला, सगळं नीट वाचलं आणि म्हणाला, ‘वाढ्याचा आकडा चुकलाय तुझा.’ चुकलाच होता. मी मार्करने दुरुस्त केला. माझ्या कुठल्याही फिल्मबद्दल कुणी इतकं नेमकं बोललेलं नाही.

रेडिओचं वेगळंच झालं. २००६ नंतर सामाजिक संस्थांना कम्युनिटी रेडिओ चालवायला परवानगी मिळाली. छोटा ट्रान्समीटर, दहा-बारा किलोमीटरचा टापू, बातम्या द्यायला बंदी. माणदेशात म्हसवडला बायकांच्या संस्थेने २००८ साली स्टेशन सुरू केलं, ते ऐकून आमच्या शेजारच्या तालुक्यातल्या एका केंद्रासाठी मीही कार्यक्रम करायला लागलो. एक बाई गर्भपिशवी काढल्याचं सांगायला तयार झाली. तिशीही ओलांडली नव्हती. पाळीमुळे खाडा नको, डॉक्टर म्हणाला काढून टाक, काढली. कॅमेऱ्यासमोर ती कधीच बोलली नसती. रात्री, कंदील मालवून, रेकॉर्डर गोधडीखाली ठेवून बोलली. तोंड दिसत नाही म्हणून मी निर्धास्त होतो. तिच्या जावेला मात्र लगेच कळलं : अहो, दहा किलोमीटरच्या आत आवाज म्हणजेच तोंड! पहिल्या वाक्याला सगळं गाव ओळखणार.

मग ते तिचेच शब्द दुसऱ्या तालुक्यातल्या एका बाईने वाचले. प्रसारणाआधी तिला ऐकवलं, तर तिने दोन ठिकाणी अडवलं. ‘मी इथं रडले नव्हते. हिला रडू नको म्हणावं.’ पुन्हा रेकॉर्ड केलं.

आता सांगा, यातलं कुठलं मी एका माध्यमात केलं असतं?

प्रश्न : मी समाजकार्य शिकवते. विद्यार्थी वस्तीत जातात, चांगला अहवाल लिहितात, तो कपाटात जातो. अहवालापासून सिनेमापर्यंत जाता येतं का? (कोल्हापूर)

येतं, आणि वाट तुमच्याच पेशातल्या एका बाईंनी पाडलेली आहे. सुमित्रा भावे पुण्यात कर्वे समाज सेवा संस्थेत शिकवायच्या. सिनेमाचं रीतसर शिक्षण नाही. ऐंशीच्या दशकात ‘स्त्रीवाणी’ या प्रकल्पात झोपडपट्टीतल्या दलित बायका स्वतःकडे कशा बघतात याचा अभ्यास चालू होता. आठ बायकांच्या कहाण्यांचं इंग्रजी पुस्तकही १९८८ साली दिल्लीहून निघालं, गेल ऑम्वेट यांनी अनुवादलेलं. पण त्याच्याही आधी भावेबाईंना साधा प्रश्न पडला होता : ज्यांनी हे सांगितलं त्या वाचू शकत नाहीत, मग त्यांच्यापर्यंत हे परत कसं न्यायचं? त्यातून १९८५ साली ‘बाई’ हा लघुपट झाला, १९८७ साली ‘पाणी’. दोन्हींना राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. मला पुरस्काराहून त्यामागचा क्रम महत्त्वाचा वाटतो. त्यांना सिनेमा करायचा होता म्हणून विषय शोधला असं झालं नाही. ऐकणारी बाई समोर होती, तिला चालेल असं साधन शोधलं.

पुढे सुनील सुकथनकर यांच्या बरोबरीने त्यांनी ‘दोघी’ (१९९५) केला, ‘दहावी फ’, ‘वास्तुपुरुष’, स्किझोफ्रेनियावरचा ‘देवराई’, कोडावरचा ‘नितळ’, स्मृतिभ्रंशावरचा ‘अस्तु’. ‘कासव’ला सुवर्णकमळ मिळालं. मधे दूरदर्शनसाठी मालिका. १९ एप्रिल २०२१ ला त्या गेल्या, आणि शेवटचा ‘दिठी’ त्यानंतर ओटीटीवर आला. यादी मोठी आहे, पण तुमच्या विद्यार्थ्यांना एवढंच दाखवा की घराघरात लपवून ठेवलेला एकेक आजार त्यांनी घेतला आणि त्या घरातल्या माणसांना एकत्र बसून बघता येईल असा सिनेमा केला. त्यांचे शेवटचे काही सिनेमे मला जरा जास्तच शांत वाटतात. हे माझं मत, फडात वाढलेल्या माणसाचं. पण ‘दोघी’ आजही अंगावर येतो.

उलट दिशेने गेलेलं उदाहरणही सांगतो. मुळशी, मावळ आणि पुढे राज्यभरातल्या गावांत गी प्वातव्हँ आणि हेमा राईरकर या संशोधकांनी बायकांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाच्या वर ओव्या आहेत. आधी कागदावर, मग ध्वनिफितींवर. २०१७ पासून त्या पत्रकार पी. साईनाथ यांच्या ‘परी’ या संकेतस्थळावर आवाजासकट ऐकता येतात. जातं गेलं, ओवी फोनवर आली. ज्या आजीने १९९० च्या दशकात गायलं तिची नात आज ते ऐकू शकते. सिनेमा हीच शेवटची पायरी असं विद्यार्थ्यांच्या डोक्यात भरवू नका.

आणि घाईही नको. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगर या दलित वस्तीत पोलिसांनी गोळीबार केला, दहा माणसं मेली. त्यानंतर काही दिवसांतच शाहीर विलास घोगरे यांनी आपल्या झोपडीत गळफास घेतला. हेच घोगरे माहितीपटकार आनंद पटवर्धनांच्या ‘हमारा शहर’मध्ये १९८५ साली गायले होते. पटवर्धनांनी त्या मृत्यूपासून सुरुवात करून ‘जय भीम कॉम्रेड’ केला, त्याला १४ वर्षं लागली. का लागली हे फिल्म बघताना कळतं. खटला चालू होता, पोरं मोठी होत होती, नवे शाहीर उभे राहत होते. सेमिस्टरमध्ये हे बसत नाही, तुमची अडचण मला कळते. निदान एक विद्यार्थी दरवर्षी त्याच वस्तीत जाईल एवढी सोय करा.

प्रश्न : ज्यांचं चित्रण करतो त्यांना पैसे द्यावेत का?

बोलण्याचे नाही, बुडालेल्या वेळेचे हो. तुम्ही एका कोयत्याला अर्धा तास थांबवलं तर गाडी अर्धा तास उशिरा भरते आणि शिव्या सगळी टोळी खाते. मला नीट तोडता येत नाही, पण मोळ्या बांधता येतात. कुणी बोलायला बसलं तर त्याच्या वाटच्या मोळ्या मी बांधतो. माझ्या सैल मोळ्या डोक्यावर सुटतात अशी तक्रार आहे.

प्रश्न : डॉक्युमेंटरीला सेन्सॉर लागतं का? यूट्यूबवर टाकली तर? (सोलापूर)

थिएटरात किंवा जाहीर खेळ लावायचा तर १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याखाली प्रमाणपत्र लागतं. पूर्वी ते दहा वर्षं चालायचं, २०२३ च्या दुरुस्तीनंतर कायमचं झालं. यूट्यूबला सेन्सॉर बोर्ड लागत नाही. २००४ साली मुंबईच्या सरकारी माहितीपट महोत्सवात फक्त भारतीय फिल्मना प्रमाणपत्राची अट घातली, तेव्हा माहितीपटवाल्यांनी ‘विकल्प’ नावाने स्वतःचा समांतर महोत्सव भरवला होता.

पण यूट्यूबवर टाकण्याआधी एक ऐका. माझ्या फिल्ममधली चार मिनिटं एका वाहिनीने न विचारता उचलली, खाली सनईचं रडकं संगीत घातलं आणि वर पट्टी लावली, ‘उसाच्या फडातलं नरकजीवन’. त्यातल्या बाईच्या मुलीचं तेव्हा लग्न ठरत होतं. मुलाकडच्यांनी ते बघितलं. लग्न झालं, पण त्यासाठी मला नवऱ्या मुलाच्या घरी दोन चकरा माराव्या लागल्या, आणि शूटिंग फुकट करून द्यावं लागलं. तेव्हापासून चेहरे असलेलं काम मी नेटवर टाकत नाही. पेनड्राइव्ह घेऊन स्वतः जातो. तुम्हाला हे जुनाट वाटेल.

प्रश्न : माझे आई-बाबा अजूनही ऊसतोडीला जातात. मी पुण्यात शिकते. मला आईची गोष्ट सांगायची आहे, पण ती नको म्हणते. तिची समजूत कशी घालू?

ताई, आधी तिला एवढंच विचार, की ‘नको’ म्हणजे काय नको? बऱ्याचदा आईला गोष्ट सांगायला काही हरकत नसते, गावातल्या अमक्याने ती ऐकायला नको असते. किंवा तिला बोलायचं असतं, पण फाटक्या लुगड्यात दिसायचं नसतं. काहींना मेलेल्या लेकराचा विषय सोडून बाकी सगळं चालतं. तू ते विचार आणि लिहून घे. गोष्ट तुझीही आहे : साखरशाळेत किती दिवस होतीस, आजीजवळ कधी राहिलीस, कॉलेजात आई काय करते असं विचारल्यावर काय सांगितलंस. ती तू आईला न दाखवताही लिहू शकतेस. तुझी आहे.

आणि तिने सगळंच नको म्हटलं, तर ते नकोच.

१९९१ साली मी व्हीएचएस कॅमेरा घेतला तेव्हा सगळ्यात आधी आईला समोर बसवलं. चुलीजवळ होती. बाभळीचं सरपण, थापटीचा आवाज, आणि मी काही विचारायच्या आत ती आपणहून बोलायला लागली. माझ्याआधीचा एक भाऊ फडात गेला होता, ते मला तोपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. अकरा मिनिटं बोलली. भाकरी करपली तेव्हा थांबली. मग म्हणाली, ‘हे पुसून टाक.’ मी म्हटलं, कुणाला दाखवणार नाही, नुसतं ठेवतो. ‘नाही. पुस.’

दुसऱ्या दिवशी शेवगावला एका लग्नाचं काम होतं. कोऱ्या टेपा कमी पडल्या. त्या टेपेवर मी हळद घेतली.